पोट भरल्यानंतर काय? अर्ली अ‍ॅक्सेस सर्व्हायव्हल गेम्स आणि टिकणारी मजा

रानवाट (धागाकर्ता)

सुट्ट्या लागल्या की आमच्या नागपूरच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. अमुक सर्व्हायव्हल गेम (भूक, थंडी, शत्रू यांतून तगून राहायचा खेळ) अजून अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला आहे, आत्ता घ्यावा की 1.0, म्हणजे पूर्ण आवृत्ती, येईपर्यंत थांबावं? काही जण म्हणतात, अर्धवट मालाला पैसे कशाला द्यायचे. बाकीचे म्हणतात, अर्धवट असतानाच शेकडो तास खेळलो, अजून काय पाहिजे. दोन्ही उत्तरं मला अपुरी वाटतात, म्हणून हा धागा.

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने अर्ली अ‍ॅक्सेस मार्च 2013 मध्ये सुरू केलं. त्याआधी माइनक्राफ्टने ही वाट दाखवली होती. 2009 पासून तो अपूर्ण अवस्थेतच विकला जात होता, पूर्ण आवृत्ती आली नोव्हेंबर 2011 मध्ये. पुढे डिसेंबर 2013 या एकाच महिन्यात रस्ट, डेझी आणि सेव्हन डेज टू डाय हे तिन्ही अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आले. रस्ट आणि डेझी 2018 मध्ये पूर्ण झाले. सेव्हन डेजला 1.0 गाठायला जुलै 2024 उजाडला. 2013 मध्ये आठवीत असलेलं पोरगं तोवर नोकरीला लागलं. त्यामुळे "थांबतो" म्हणताना किती थांबायची तयारी आहे, हेही बघायला हवं.

माझं म्हणणं असं. सर्व्हायव्हल गेमचे पहिले काही तास जवळपास नेहमीच भारी असतात. हातात काही नाही, रात्र पडतेय, भूक लागलीय, झाडीत काय हललं ते कळत नाही. ही मजा टंचाईतून येते, आणि टंचाई उभी करायला फार कंटेंट लागत नाही. म्हणूनच हा प्रकार अर्ली अ‍ॅक्सेसला इतका मानवतो. अडचण नंतर येते. शेत लागलं, भिंत उभी राहिली, पेट्या भरल्या, मरणाची भीती गेली. त्या दिवशी गेमकडे तुमच्यासाठी काय आहे? पोट भरल्यानंतर काय?

ज्या गेमकडे याचं उत्तर आज आहे, तो अपूर्ण असला तरी खुशाल घ्यावा. ज्याच्याकडे नाही, त्याच्या रोडमॅपवर (पुढे काय येणार त्या जाहीर यादीत) वीस नवे प्राणी आणि चार नवी चिलखतं असली तरी थांबावं. नव्या वस्तू आल्याने ही पोकळी भरत नाही. झाड तोडा, कुऱ्हाड करा, मोठं झाड तोडा, मोठी कुऱ्हाड करा, हे चक्र फक्त लांबतं.

व्हॅलहाइम घ्या. 2 फेब्रुवारी 2021 ला आला तेव्हा आयर्न गेट ही स्वीडनमधली पाच जणांची टीम होती. गेम जेमतेम एक जीबीचा. मिस्टलँड्स, अ‍ॅशलँड्स, डीप नॉर्थ हे प्रदेश नकाशावर होते, पण आत करण्यासारखं काही नव्हतं. तरी महिन्याभरात पन्नास लाख प्रती खपल्या. मला वाटतं त्याचं कारण दोन नियमांत आहे. एक, या गेममध्ये माणूस उपाशी मरतच नाही. खाल्लं की प्राण आणि दम वाढतो, नाही खाल्लं तर दुबळा राहतो. त्यामुळे स्वयंपाक ही कटकट राहत नाही, मोहिमेची तयारी होते. पोट भरलं की खेळ थांबत नाही, तिथून सुरू होतो. दुसरा नियम म्हणजे मूळ सेटिंगमध्ये साध्या पोर्टलमधून (क्षणात दूर नेणाऱ्या दारातून) धातू नेता येत नाही. दलदलीत उतरून लोखंड काढलं की ते होडीत घालायचं, वारा बघायचा, सागरी सर्पाची धास्ती घेत घरी आणायचं. या एका अटीने समुद्राला, होडीला, धक्क्याला, किनाऱ्यावरच्या दुसऱ्या घराला, सगळ्याला अर्थ आला. असा नियम सापडणं हे पन्नास नव्या वस्तू टाकण्याहून अवघड काम आहे.

प्रोजेक्ट झॉम्बॉइड उलट्या दिशेने जातो. तुम्ही मरणार हे तो सुरुवातीलाच सांगतो, उत्सुकता फक्त कसे याची. काळ जुलै 1993, जागा केंटकीतला एक काल्पनिक परगणा. सुरुवातीला नळाला पाणी असतं, दिवे लागतात. मूळ सेटिंगमध्ये पहिल्या महिनाभरात कधीतरी दोन्ही जातात, नेमकं कधी ते कळत नाही. ज्यांनी उन्हाळ्यात टाकी, बादल्या, पातेली भरून ठेवलीत त्यांना हा भाग समजावून सांगावा लागत नाही. फ्रीजमधलं सडायला लागतं. जनरेटर सापडला तरी तो चालवायची माहिती देणारं मासिक बहुतेक पात्रांनी आधी वाचलेलं लागतं, नाहीतर तो नुसता लोखंडाचा ठोकळा. शिवाय जनरेटरचा आवाज झॉम्बींना बोलावतो. प्रत्येक सोय नवा धोका घेऊन येते, म्हणून पोट भरलं तरी निश्चिंती येत नाही.

तुमचे अनुभव लिहा. "मस्त आहे" आणि "बकवास आहे" एवढंच लिहू नका, कुठल्या टप्प्यावर मजा गेली किंवा टिकली ते सांगा.

तर्रीवाला

भाऊ, मुद्दा एकदम बरोबर पकडला. मी सेव्हन डेज अल्फा 16 या जुन्या आवृत्तीपासून खेळून राहिलो. त्यात तुझ्या प्रश्नाचं उत्तर दर सातव्या रात्री झॉम्बींची झुंड होऊन दारात येऊन उभं राहते. सहा दिवस काय जमवलं, भिंत कुठे कच्ची राहिली, सगळ्याचा हिशोब त्या एका रात्री होते. आणि जग खोदता-फोडता येते, त्यामुळे झॉम्बी खांब तोडून अख्खं घर खाली आणतात. आमच्यात एक सिव्हिलवाला आहे, तो तर फक्त खांबांच्या रचनेसाठी खेळते.

पण एक दुखणं सांगतो. इतकी वर्षं अर्ली अ‍ॅक्सेस म्हणजे इतकी वर्षं बनवणाऱ्यांचं मन बदलत राहणं. 2023 मध्ये अल्फा 21 आला अन् रिकाम्या बरण्या काढून टाकल्या. तळ्यातून बरणी भरायची, उकळायची, हे आमच्या हाताला लागलेलं होतं. काऊन काढलं बाप्पा? त्यांचं म्हणणं, पाणी फार सोपं झालं होतं. म्हणजे तेही तुझाच प्रश्न सोडवत होते, पोट लवकर भरू नये म्हणून. ते कारण पटते. पण सवयीचा रस्ता दर वर्षी कोणी खोदून ठेवला तर माणूस चिडतेच. कंटेंट कमी आहे अशी माझी तक्रार कधीच नव्हती, ते स्थिर राहत नाही ही आहे.

अंबाझरी

रानवाट, तुमची कसोटी आवडली, पण तिच्यात एक मोठी गोष्ट राहिली आहे. पहिल्यांदा चाचपडण्याची मजा एकदाच मिळते.

मी सबनॉटिका पूर्ण आवृत्ती आल्यानंतर, म्हणजे जानेवारी 2018 नंतर घेतला. मुलगी झोपली की रात्री थोडा वेळ मिळतो, तेव्हा खेळायचे. सुरुवातीला पाण्याखाली 45 सेकंदांचा श्वास. त्यात खाली जायचं, काहीतरी उचलायचं, वर यायचं. मग टाकी मिळते, थोडं खोल जाता येतं, आणि खोल गेलं की अंधारात काहीतरी प्रचंड ओरडतं. रीपर नावाचा तो सागरी राक्षस पहिल्यांदा दिसला तेव्हा मी हेडफोन काढून ठेवले होते. ती भीती दुसऱ्यांदा येत नाही. एकदा कळलं की तो कुठे फिरतो, किती लांबून दिसतो, की तो धोका न राहता अडथळा होतो.

हाच गेम डिसेंबर 2014 पासून अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये होता. तेव्हा ज्यांनी घेतला त्यांनी ती पहिली बुडी अशा समुद्रात मारली जिथे कथा जवळपास नव्हती आणि शेवट नव्हता. जमीन खोदायचं एक यंत्र होतं, तेही पुढे काढलं गेलं. त्यांनी बनवणाऱ्यांना मदत केली, त्याबद्दल मला खरंच आदर आहे, त्यांच्यामुळेच मला चांगला गेम मिळाला. पण त्यांच्या वाट्याला जे आलं त्यापेक्षा मला जास्त मिळालं असं मला वाटतं.

म्हणून मी असं बघते: गेमचा जीव रहस्यात आहे की रोजच्या राहण्यात? रहस्यात असेल तर थांबते. रोजच्या राहण्यात असेल तर आज घेते.

रानवाट

अंबाझरी ताई, हे माझ्या कसोटीच्या आधी विचारायला हवं असं आता मी म्हणेन. झॉम्बॉइडमध्ये दर वेळी नवं पात्र, नवं गाव, नवी चूक. तिथे पहिलेपण संपत नाही. सबनॉटिकाचा नकाशा ठरलेला आहे, त्यामुळे ते एकदाच खर्च होतं.

मिहानवाला

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, गेम बनवत नाही, पण सॉफ्टवेअर अर्धवट अवस्थेत लोकांच्या हातात देणं काय असतं ते रोज बघतो. एक बाब इथे कोणी बोललं नाही, ती तुमच्या जुन्या सेव्हची, म्हणजे साठवून ठेवलेल्या खेळाची.

व्हॅलहाइमचं जग तुम्ही जसजसे फिरता तसतसं तयार होत जातं, आणि जिथे तुम्ही जाऊन आलात तो भाग त्याच वेळच्या आवृत्तीनुसार पक्का होतो. मिस्टलँड्स डिसेंबर 2022 मध्ये आलं, अ‍ॅशलँड्स मे 2024 मध्ये. ज्यांनी 2021 मध्येच उत्साहाने सगळा नकाशा पालथा घातला होता, त्यांना ते आपल्या जुन्या जगात आपोआप दिसलं नाही. न पाहिलेल्या भागातच नवं उगवतं. म्हणजे घर बांधण्यात महिने घालवायचे आणि नव्या प्रदेशासाठी एकतर ते सोडून नवं जग सुरू करायचं, नाहीतर इतरांनी बनवलेली साधनं वापरून जुनं जग दुरुस्त करायचं. पात्र आणि अंगावरचं सामान दुसऱ्या जगात नेता येतं, हा मोठा दिलासा. घर नेता येत नाही.

यातून व्यवहाराची गोष्ट अशी: अर्ली अ‍ॅक्सेसमधलं जग सुरू करताना नकाशाचा एक मोठा तुकडा मुद्दाम न बघता सोडा. पुढच्या अपडेटला तो तुमच्या कामी येईल.

आणि दोन मोठ्या अपडेटमध्ये सतरा महिने गेले म्हणून लोक चिडले, तेही समजण्यासारखं आहे. पण नवा प्रदेश म्हणजे नुसती नवी झाडं नसतात. आधीच्या सगळ्या शस्त्रांचं, अन्नाचं, शत्रूंचं गणित पुन्हा जुळवावं लागतं. सर्व्हायव्हलमध्ये सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, एक धागा ओढला की दहा गाठी हलतात.

खामला_एक्स्प्रेस

तुम्ही सगळे नोकरीवाले आहात म्हणून मजेची चर्चा करू शकता. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्षाला एक, फार तर दोन गेम विकत घेता येतात. माझ्यासाठी अपूर्ण गेम म्हणजे सरळ जोखीम आहे, आणि ती जोखीम बनवणाऱ्याने घ्यायची की मी?

द डे बिफोर आठवतो ना? झॉम्बींच्या जगातला मोठा ऑनलाइन सर्व्हायव्हल गेम म्हणून वर्षानुवर्षं ट्रेलर दाखवले. 7 डिसेंबर 2023 ला अर्ली अ‍ॅक्सेस म्हणून विकायला काढला. जे दाखवलं होतं त्यातलं फारसं काही आत नव्हतं. चार दिवसांत स्टुडिओ बंद होत असल्याची घोषणा, आणि 22 जानेवारी 2024 ला सर्व्हर बंद. पैसे परत मिळाले हे खरं, पण तो फार गाजलेला गेम होता म्हणून. लहान गेम गुपचूप सोडून दिले जातात तेव्हा कोण विचारतं?

आणि रिफंडचं म्हणाल तर स्टीमचा नियम सगळ्यांना माहीत आहे: खरेदीपासून 14 दिवस आणि खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत. पण रानवाट दादांचं म्हणणं खरं धरलं, तर पहिले दोन तास प्रत्येक सर्व्हायव्हल गेमचे भारीच असतात. मग त्या दोन तासांत मला कळणार काय? ज्या भागाची परीक्षा घ्यायची तो विसाव्या तासाला येतो. तेव्हा परतीचा रस्ता बंद झालेला असतो.

रानवाट

रिफंडबद्दल तू म्हणतोस ते शंभर टक्के खरं आहे, आणि या प्रकारच्या गेममध्ये तो नियम अपुरा पडतो हे मलाही वाटतं. जोखीम दोघांची आहे, पण तुझ्यासारख्यावर तिचा भार जास्त पडतो, यात वाद नाही.

म्हणून विसावा तास घरबसल्या बघायचे मार्ग सांगतो, मी स्वतः हेच करतो. स्टीमवर प्रत्येक परीक्षणासोबत लिहिताना किती तास झाले होते ते दिसतं. पाच तासांवर लिहिलेली कौतुकं सोडून दे. साठ-सत्तर तास खेळून ज्यांनी नापसंतीचा अंगठा दिलाय ती परीक्षणं वाच. त्यात "मग करायला काही उरलं नाही" हे वाक्य वेगवेगळ्या रूपात वारंवार दिसलं तर गेम बाजूला ठेव. अपडेटच्या नोंदी उघडून शेवटच्या तीन नोंदींच्या तारखा बघ. 2025 पासून, फार काळ अपडेट न आलेल्या अर्ली अ‍ॅक्सेस गेमच्या पानावर स्टीम स्वतःही तशी सूचना दाखवतं. आणि यूट्यूबवर पहिला भाग बघू नकोस, कोणाच्या मालिकेचा पंचविसावा भाग बघ. खेळणारा अजून बेत आखतोय की नुसता पेट्या लावत बसलाय, हे दहा मिनिटांत समजतं.

स्टीमही त्या पानावर हेच सांगतं की गेम आज जसा आहे तसा आवडत असेल तरच घ्या. रोडमॅपला एक रुपयाही देऊ नये, याबाबत मी तुझ्या बाजूने आहे.

धरमपेठी

मी जरा वयाने मोठा, पन्नाशी ओलांडलेला. मुलाने द लाँग डार्क लावून दिला आणि मीच अडकलो.

सप्टेंबर 2014 मध्ये तो अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला तेव्हा कथा नव्हतीच, फक्त कॅनडातलं हिमाच्छादित रान आणि तुम्ही. कथेचा भाग ऑगस्ट 2017 मध्ये आला. मी कथा थोडी खेळून सोडली, रानात मात्र अजून जातो. झॉम्बी नाहीत, राक्षस नाहीत. लांडगे, अस्वल, वारा, ओले कपडे, आणि उरलेल्या काड्यापेट्या. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, खोलीत कूलर घरघरतोय, आणि मी पडद्यावर वादळ थांबेपर्यंत गुहेत शेकोटी जपतोय, असा उन्हाळा मी काढलाय.

पोट भरल्यानंतर काय, याचं उत्तर या गेममध्ये असं आहे की पोट भरलेलं राहतच नाही. ठिकाणं एकदा धुंडाळली की तिथला माल संपला. शिकार करता येते, मासे मिळतात, पण अवजारं झिजतात, कपडे फाटतात, डबे संपत जातात. एका जागी बसून म्हातारं होता येत नाही, उठून पुढच्या खोऱ्यात जावंच लागतं. आणि मेलं की ते जग गेलं, सेव्ह पुसली जाते. आधी मला हे क्रूर वाटलं. आता वाटतं की त्यामुळेच प्रत्येक काडी ओढताना मी विचार करतो.

अपूर्ण गेम पैसे घेऊन विकावा का, यापेक्षा मला दुसऱ्या गोष्टीचा जास्त राग येतो. आर्क सप्टेंबर 2016 मध्ये अजून अर्ली अ‍ॅक्सेसमध्येच होता, मूळ गेमचं काम चालू होतं, आणि तेव्हा वेगळे पैसे घेणारा विस्तार, स्कॉर्च्ड अर्थ, विकायला काढला. मूळ गेम पूर्ण झाला ऑगस्ट 2017 मध्ये. आधी पंगत उठू द्या, मग दुसरी बसवा.

तर्रीवाला

काका, रस्टवाल्यांनी तर हिशोबच वेगळा मांडला. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सक्तीचा वाइप, सगळ्यांची घरं साफ. श्रीमंत-गरीब पुन्हा दगड घेऊन किनाऱ्यावर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, मग बांधायचं कशाला? पण नवीन माणसाले दर महिन्याला बरोबरीची संधी तिथेच मिळते. ज्याच्याजवळ रोज पाच तास आहेत तो महिनाअखेर राजा होते, पण कायमचा नाही.

अंबाझरी

मला ते जमणार नाही. मी रात्री झोपलेली असताना माझं घर दुसऱ्या खेळाडूने फोडावं, हा ताण मी पैसे देऊन घेणार नाही. पण काकांनी लाँग डार्कबद्दल लिहिलंय ते वाचून तो आज यादीत टाकला.

नवा_वैदर्भी

मी वाचक, पहिल्यांदाच लिहितो. आम्ही तीन मित्र, एक पुण्यात, दोघं इथे नागपुरात. सगळ्यांचे लॅपटॉप जुने, 8 जीबी रॅम. मे महिन्यात दुपारी ते इतके तापतात की गेम अडखळतो. रोज तासभर मिळतो, तोही तिघांना एकदम मिळेल असं नाही. व्हॅलहाइम की झॉम्बॉइड? आणि आमच्याकडे वीज जाण्याचंही टेन्शन आहे.

मिहानवाला

तासभरच मिळत असेल आणि तिघं एकत्र नसाल तर वीजबिजेपेक्षा आधी हे ठरवा: जग कोणाच्या लॅपटॉपवर राहणार? दोन्ही गेममध्ये तुमच्यापैकी एकाने जग उघडलं तरच बाकीचे येऊ शकतात, वेगळा सर्व्हर भाड्याने घेतला तर गोष्ट निराळी. ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे त्याच्या मशीनवर ठेवा, आणि दर रविवारी सेव्हचं फोल्डर कॉपी करून बाजूला टाका. अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये ही सवय लागतेच.

गेम म्हणाल तर जुन्या लॅपटॉपला झॉम्बॉइड हलका पडतो, वरून तिरकं दिसणारं चित्र आहे. पण बिल्ड 41 घ्या, तो डिसेंबर 2021 पासून पक्का आहे आणि मल्टिप्लेअर त्यातच नीट मिळेल. बिल्ड 42 डिसेंबर 2024 मध्ये अस्थिर आवृत्ती म्हणून आला, सुरुवातीला त्यात मल्टिप्लेअर नव्हताच, आणि अपडेटने जुनी सेव्ह बिघडायची शक्यता राहते. व्हॅलहाइम चालेल, पण ग्राफिक्स कमी करावे लागतील आणि दुपारी नकोच, रात्री दहानंतर खेळा.

रानवाट

यात एकच भर घालतो. व्हॅलहाइममध्ये एक जण पुढे निघून गेला, तर मागच्यासाठी पहिला बॉस (मोठा शत्रू) आधीच मेलेला असतो आणि रहस्यं फुटलेली असतात. तिघांच्या वेळा जुळत नसतील तर झॉम्बॉइडच बरा. एकट्याने आलेला माणूस पाणी साठवणं, पाट्या ठोकणं, शेताला पाणी घालणं अशी कामं करून ठेवतो आणि ती बाकीच्यांना उपयोगी पडतात. सँडबॉक्स सेटिंगमध्ये (जिथे खेळाचे नियम आपण बदलू शकतो) झॉम्बींची संख्या पहिल्या खेपेला कमी ठेवा, वीज-पाणी जाण्याची वेळ मात्र मूळ आहे तशीच राहू द्या.

नवा_वैदर्भी

ठरलं, झॉम्बॉइड बिल्ड 41. इन्व्हर्टर पुण्यातल्याकडे आहे, त्यामुळे जग त्याच्याकडे. पहिला माणूस कसा मेला ते इथे येऊन लिहितो.